सान्वीची झोप आणि सोनचाफा सोसायटी

केदार मोघेचं म्हणणं एवढंच होतं, की आपण सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक सभ्य, मुद्देसूद, सुशिक्षित माणसाला शोभेल असा मेसेज टाकला, आणि त्याचं फळ म्हणून आपल्या शाकाहारी घरात माशाचं तेल आलं. यात आपलं काय चुकलं ते कुणीतरी समोर बसून समजावून सांगावं.

समजावून सांगायला माणसं कमी नव्हती. डोंबिवली पूर्वेच्या सोनचाफा सोसायटीत समजून घेणाऱ्यांचीच काय ती टंचाई होती. तिथे तिसऱ्या मजल्यावर मोघे कुटुंब राहतं. केदार, त्याची बायको योगिनी, आई सुमतीबाई आणि नऊ वर्षांची सान्वी. सान्वीला एडीएचडी आहे. ठाण्याच्या डॉक्टर मृणाल गुप्ते यांनी वर्षापूर्वी तसं सांगितलं, तेव्हापासून घरातल्या मोठ्या माणसांनी हा शब्द पाठ केला आहे. म्हणजे मूल वांड नाही, लाडावलेलं नाही, आईबापांचं लक्ष नाही असंही नाही. त्याचं लक्ष एका जागी ठरत नाही आणि हातपाय गप्प बसत नाहीत, एवढंच. दिवसाचं हे सगळं मोघ्यांनी अंगवळणी पाडून घेतलं होतं. रात्रीचं काही केल्या जमत नव्हतं. कारण सान्वीला झोप येत नसे. अंथरुणावर पडलं की तिच्या डोक्यात प्रश्न सुरू व्हायचे. पाली भिंतीवर झोपल्या तर पडत कशा नाहीत? विमानात रात्र कुठल्या देशाची धरायची? प्रश्न संपले की उड्या सुरू व्हायच्या.

रात्री न झालेली झोप सान्वी शाळेत काढायची. वर्गशिक्षिकेने केदारला बोलावून सांगितलं, की ती इतिहासाच्या तासाला झोपते, म्हणून तिला शेवटच्या बाकावर एकटीला बसवलंय. "म्हणजे ती झोपली तरी बाकीच्या मुलांचं लक्ष जात नाही," असं त्या गोड आवाजात म्हणाल्या. केदारच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझी मुलगी म्हणजे काय गळका माठ आहे, कोपऱ्यात सरकवून ठेवायला? असं त्याच्या अगदी ओठावर आलं होतं. ओठातून बाहेर मात्र "हो, बरोबर आहे तुमचं" एवढंच पडलं.

केदारचा हा जुना घोटाळा. त्याला राग फार मोठा येतो, पण सगळा आतल्या बाजूला. बाहेरच्या माणसाला तो शांत, मनमिळाऊ गृहस्थ वाटतो. रिक्षावाल्यापासून मोठ्या साहेबापर्यंत सगळ्यांना त्याने आजवर फाडफाड उत्तरं दिली आहेत, पण ती घरी आल्यावर, योगिनीसमोर, चहा पिताना. योगिनीला ती सगळी ऐकून पाठ झाली आहेत.

मेसेजची वेळ आली ती भाऊंमुळे. भाऊ म्हणजे सोसायटीचे सेक्रेटरी, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, आणि मोघ्यांच्या बरोबर खाली राहणारे. त्यांनी एक दिवस लिफ्टमध्ये नोटीस चिकटवली. 'रात्री दहानंतर सदनिकेत उड्या मारणे, धावणे, जड वस्तू सरकवणे इत्यादी प्रकार निदर्शनास आले आहेत. कोणाचेही नाव न घेता, विशेषतः तिसऱ्या मजल्यावरील सभासदांनी नोंद घ्यावी.' तिसऱ्या मजल्यावर तीन फ्लॅट. एक बंद, एकात ऐंशीच्या पुढचं जोडपं. नाव न घेण्याचा हा मोठेपणा केदार लिफ्टमध्येच पुन्हा पुन्हा वाचत राहिला. शेजारी भाऊच उभे होते. "वाचलीत ना नोटीस?" त्यांनी विचारलं. "हो हो. छान लिहिलीय," केदार म्हणाला.

घरी येऊन मात्र त्याने मनाशी पक्कं केलं. आता गप्प बसायचं नाही, पण पातळीही सोडायची नाही. त्याने सुट्टीचा आख्खा दिवस खर्चून मेसेज लिहिला. त्यात एडीएचडी म्हणजे काय, अशा मुलांना झोपेचा त्रास का होतो, आणि शेवटी सभासदांनी 'संवेदनशीलता दाखवावी' अशी विनंती, असं सगळं होतं. योगिनी म्हणाली, "अरे केदार, एवढं सगळं नको सांगूस ग्रुपवर. दोन ओळींत सॉरी म्हण आणि जाड गालिचा आण." पण केदारचं मत पडलं की अज्ञान हे माहितीनेच दूर होतं.

सोसायटीने संवेदनशीलता दाखवली. त्याच संध्याकाळी बेल वाजायला लागली.

पहिले आले खुद्द भाऊ. हातात ब्राह्मीच्या काढ्याची बाटली. "मोघे, तुम्ही आधी सांगायला हवं होतंत हो. मला काय कल्पना! माझ्या साडूच्या पुतण्याला अगदी हाच प्रकार. ब्राह्मी सुरू केली, आज बँकेत मॅनेजर आहे. बुद्धीला स्थैर्य कमी पडतं हो या मुलांच्या, दुसरं काही नाही." मग पाचव्या मजल्यावरचा अनिमेष आला. तो दिवसा आयटीत असतो आणि संध्याकाळी लोकांच्या दारात जाऊन पावडरी आणि गोळ्यांच्या एका कंपनीचं काम करतो. त्याने सोफ्यावर बसून आधी योगिनीला मग सुमतीबाईंना, सान्वीच्या शरीरात मॅग्नेशियम कमी आहे, झिंक कमी आहे, ओमेगा तर जवळजवळ नाहीच, असं सांगितलं. सान्वी त्या वेळी त्याच सोफ्याच्या पाठीवरून उडी मारत होती, तेवढ्या दर्शनावर हे निदान. "काकू, ब्रेनला फॅट लागतं. हे मॅग्नेशियम, आणि हे प्युअर फिश ऑइल. आपलं घरचं समजून घ्या," असं म्हणून तो ठेवूनच गेला.

सुमतीबाईंनी तेलाची बाटली पदराच्या टोकात धरून बाल्कनीत, चपलांच्या कपाटावर नेऊन ठेवली, आणि येऊन हात धुतले. मग पुन्हा एकदा धुतले.

तळमजल्यावरच्या तुळसाताई म्हात्रे जिन्यातच भेटल्या. इमारत उभी आहे ती जमीन त्यांच्या सासऱ्यांची, त्यामुळे सोसायटीतल्या कुणालाही काहीही सांगायचा हक्क त्यांनी राखून ठेवला आहे. "काय रं केदार, पोरीला नीज नाय येत म्हंतान? अन् तू तिला माशाचं त्याल पाजतं? अरं, मासली खावाला घाल ना! मासली सोरून त्याल कशाला?" "बघतो ताई," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्यांनी झाकण लावलेलं भांडं वर पाठवलं. सुमतीबाई तो आख्खा दिवस देवघरातच बसून होत्या.

आता तुम्ही म्हणाल, कुणी काही आणून दिलं म्हणून ते द्यायलाच हवं असं थोडंच आहे? ठेवायचं शोकेसवर आणि विसरून जायचं. मोघ्यांनीही तेच ठरवलं होतं. पण सोनचाफा सोसायटीत नुसता सल्ला देऊन कुणी थांबत नाही, त्याचं पुढे काय झालं ते विचारायलाही येतं. शिवाय लोक मोठ्या माणसांना विचारत नाहीत, लिफ्टमध्ये थेट मुलीला विचारतात. "काय गं सान्वी, आमची ब्राह्मी घेतेस ना?" भाऊंनी विचारलं. सान्वीला खोटं बोलता येत नाही. खोटं बोलायला थोडं थांबून विचार करावा लागतो, तेवढा वेळ तिच्याकडे नसतो. "नाही आजोबा, ती शोकेसवर आहे. बाबा म्हणाला, तुम्ही डॉक्टर आहात का," तिने भर लिफ्टमध्ये सांगून टाकलं. केदार तिच्या शेजारीच उभा होता. दुसऱ्या मजल्यावर भाऊ मागे न बघता उतरले आणि केदारने त्या रात्री ब्राह्मी सुरू केली.

एकाची सुरू केल्यावर दुसऱ्याची का नाही? योगिनीला अनिमेषच्या आईशी भिशीत बोलावं लागतं, म्हणून मॅग्नेशियम सुरू झालं. सुमतीबाईंचं जायफळ उगाळून दूध तर आधीपासूनच होतं, आणि परक्यांचं सगळं चालतं मग माझंच का बंद, म्हणून तेही दुप्पट जोमाने चालू राहिलं. बाल्कनीतून माशाचं तेलही हळूच आत आलं, फक्त ते द्यायचं काम केदारकडे आणि चमचा वेगळा.

त्यामुळे मोघ्यांच्या घरी सान्वीची झोपायची वेळ म्हणजे एक मिरवणूकच झाली. आधी आजी दूध घेऊन यायची. दुधावर लगेच काढा चालत नाही, म्हणून थोडं थांबून केदार काढा घेऊन यायचा. काढा कडू, म्हणून मग गूळ. गुळाने दात किडतात, म्हणून पुन्हा ब्रश. मग दिवे मालवले जायचे, सान्वी कूस बदलायची, डोळे मिटल्यासारखे व्हायचे, आणि बाहेरून योगिनीचा आवाज यायचा, "अरे, मॅग्नेशियम राहिलं!" सान्वी उठून बसायची. आणि ती एकदा उठली की उठली. मग पालींचे प्रश्न, मग उड्या, मग खालून भाऊंची काठी छताला. ठक ठक.

केदार हे सगळं बघत होता आणि धुमसत होता. तो ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये विजेची बटणं बनवणाऱ्या कंपनीत तपासणी खात्यात आहे. त्याच्या सहीशिवाय तिथून एक बटण बाहेर जात नाही. अशा माणसाच्या घरात कुणीही काहीही आणून ओततो आणि नमुना तपासणीही होत नाही, हे त्याला फार लागलं. त्याने ठरवलं, आता या बाबतीत शास्त्रशुद्ध पद्धतीने जायचं. त्याने वाचायला सुरुवात केली. चार-पाच रात्री वाचल्यावर (सान्वी जागी असल्याने त्यालाही तसा वेळ होता) त्याला कळलं की अशा मुलांच्या झोपेसाठी मेलाटोनिन नावाचा पदार्थ वापरतात, तो शरीरात आपोआपही तयार होतो, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने द्यावा. शेवटचे तीन शब्द त्याने वाचले. डॉक्टर गुप्त्यांची वेळ महिन्याभराने मिळत होती. तोवर सामान तरी मागवून ठेवावं, असा त्याने त्याचा अर्थ लावला.

मागवायचं कुठून, तर अमेरिकेतून. औषधाच्या दुकानात मागितलं तर चिठ्ठी मागतील, आणि केदारची बहीण कल्पिता न्यू जर्सीत असताना तो दुकानदाराचं का ऐकून घेईल? कल्पिता म्हणाली, "अरे दादा, इथे किराणा दुकानात मिळतं ते! मुलं जेलीच्या गोळ्या खातात. अस्वलाच्या आकाराच्या. कुणी येणारं असेल तर पाठवते." कुणीतरी येणारं असतंच. मराठी माणूस अमेरिकेहून स्वतःच्या सामानासाठी येत नाही, तो दुसऱ्यांच्या पुड्या पोचवायला येतो. कल्पिताच्या शेजारणीचे आईवडील लेकीकडे सहा महिने राहून परत निघाले होते. त्यांचं घर टिटवाळ्याला.

केदार स्कूटर घेऊन टिटवाळ्याला गेला. नव्या इमारतींच्या रांगेतली सातवी की आठवी इमारत, सगळ्या एकाच रंगाच्या, सगळ्यांना कुठल्या ना कुठल्या 'हाइट्स' नाव. शोधता शोधता ऊन डोक्यावर आलं. घरात तानाजीराव आणि कलावतीबाई. तानाजीराव खोपटच्या डेपोतून एसटीचे ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले, अंगाने भक्कम, चेहरा अगदी ताजातवाना. त्यांनी केदारला आधी पूर्ण फ्लॅट दाखवला. बाथरूमही दाखवलं. मग मोदक आले. मग अमेरिकेतल्या रस्त्यांना खड्डे नाहीत त्यामुळे झोप येते आणि गाडी चालवायला मजा येत नाही, हे झालं. पुडीचं कुणी नाव काढेना. शेवटी केदारनेच विचारलं.

नवराबायकोने एकमेकांकडे पाहिलं.

"पाव्हणं, खरं सांगू का?" तानाजीराव म्हणाले. "बाटली म्या फोडली."

"अहो, मी सांगत होते ह्यांना," कलावतीबाई म्हणाल्या.

"म्हंजे असं बगा. लेकराचं अवशद. परक्या देशातलं. लेकराला द्याच्या आदी कुनी मोठ्या मानसानं बगाया नको? म्हनून एक घेतली. तीस वर्सं रातची गाडी मारली म्या, नाशिक, धुळं, पार शिरपूर. झोप म्हंजे काय ते इसरलो हुतो. एक गोळी खाल्ली आन् सकाळी ही मला हलवून उठवत हुती. मंग म्हटलं, एकावर काय खरं कळतंय?"

"मग?" केदारने विचारलं.

"मंग काय, चव बी बरी हुती."

बाटलीत तळाशी थोडी अस्वलं उरली होती, एकमेकांना चिकटलेली. केदारच्या मनात काय काय आलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण अडचण अशी, की माल वापरण्याआधी त्यातला नमुना काढून तपासावा हे त्याचंच तत्त्व होतं. तानाजीरावांनी फक्त नमुना जरा मोठा घेतला होता. शिवाय हातात त्यांचाच मोदक. "असू दे काका, तुम्हाला उपयोग झाला ना," केदार म्हणाला. "लई!" तानाजीराव म्हणाले. "आनखी मागवशीला तवा माझी बी एक सांगा."

आंबिवलीपर्यंत केदार स्कूटरवर मोठ्याने बोलत आला. हेल्मेटमुळे कुणाला ऐकू गेलं नाही.

घरी आल्यावर त्याने उरलेल्या अस्वलांविषयी पुन्हा वाचायला घेतलं, आणि त्यात त्याला असं आढळलं, की अशा गोळ्यांच्या बाटलीवर जेवढं लिहिलेलं असतं तेवढंच आत असेल याची खात्री नसते. तपासून बघितलं तर कधी पुष्कळ जास्त, कधी नाहीच. हे वाचून तर तो उभाच राहिला. "बाटलीवर एक आणि आत दुसरं! आमच्याकडून असं एक बटण गेलं तर मला नोकरीवरून काढतील!" तो योगिनीला म्हणाला. योगिनी म्हणाली, "मग देऊ नकोस." "देत नाहीच आहे!" केदार ओरडला. एका बाटलीसाठी टिटवाळ्यापर्यंत हेलपाटा घालून आणि अमेरिकेला कामाला लावून हाती आलं ते न देण्याचं औषध, हे त्याच्या जिव्हारी लागलं. ती बाटली पण शोकेसवर गेली, बाकीच्यांच्या शेजारी.

आणि त्याच आठवड्यात शाळेतून फोन आला. सान्वी सकाळच्या प्रार्थनेला उभ्याउभ्या झोपली आणि पुढच्या मुलीच्या अंगावर पडली. सगळी शाळा हसली. सान्वीने घरी येऊन ते साभिनय करून दाखवलं, डोळे मिटून, हात जोडून, सोफ्यावर धाडकन पडून. सुमतीबाईंनाही हसू आवरेना. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती गणवेश घालायला तयार होईना. "मी नाही जाणार शाळेत," एवढंच म्हणाली आणि कपाटाच्या मागच्या फटीत जाऊन बसली. तिला तिथून काढायला योगिनीला अर्धी सकाळ लागली. केदारला ऑफिसात दिवसभर तेच दिसत होतं, कपाट आणि भिंत यांच्यामधला तिचा पाय. मोठी झाल्यावर या मुलीचं काय होईल वगैरे तो नेहमी लांबचा विचार करायचा. आज त्याला नुसतं वाटत होतं की तिने एक रात्र नीट झोपावं आणि उद्या शाळेत जावं. त्याने डॉक्टर गुप्त्यांच्या दवाखान्यात पुन्हा फोन केला. रिसेप्शनवरच्या बाईंनी वेळ नाही म्हणून सांगितलं. केदार "बरं" म्हणाला, फोन ठेवला, आणि मग योगिनीने फोन करून दुसऱ्या दिवशीची वेळ घेतली. "काय काय देताय ते घेऊन या," बाईंनी बजावलं होतं.

केदारने शोकेसवरचं सगळं एका कापडी पिशवीत भरलं. ठाण्याला जाईपर्यंत तो मनात भाषण जुळवत होता. डॉक्टरांना तो सांगणार होता, की हा देश म्हणजे काय चाललंय, कुणीही उठतो आणि मुलाला औषध सांगतो, शाळेला मूल नको, सोसायटीला आवाज नको, आणि एक बाप म्हणून मी कुणाकुणाला तोंड द्यायचं! एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच ते भाषण योगिनीसोडून दुसऱ्या कुणाला ऐकवायचा योग आला होता.

डॉक्टर मृणाल गुप्ते बारीक अंगाच्या, शांत बोलणाऱ्या. त्यांनी केदारला बसवलं आणि पिशवीकडे बघितलं. पण पिशवी तोवर सान्वीच्या हातात गेली होती. तिने एकेक बाटली काढून टेबलावर उंचीप्रमाणे लावली, मग मोडली, मग झाकणांच्या रंगाप्रमाणे लावली. केदार घसा खाकरून म्हणाला, "डॉक्टर, मला जरा मूळ मुद्द्यापासून..."

"एक मिनिट हं," डॉक्टर म्हणाल्या. "सान्वी, हे सगळं काय आहे गं?"

"मी सांगते," सान्वी म्हणाली. तिला कुणी विचारलं की आवडतं. "हे भाऊआजोबांचं. माझ्यात बुद्धी हलते ना, ती कमी हलावी म्हणून. हे मॅग्नेशियम. ते माझ्यात कमी आहे. झिंक पण कमी आहे. हे माशाचं. ते माझ्यात जवळजवळ नाहीच आहे, अनिमेषदादा म्हणाला. आणि हे अस्वल, हे अमेरिकेत सगळ्यांत असतं पण माझ्यात कमी. ते द्यायचं नाहीये. आजीचं जायफळ घरी आहे. ते माझ्यात काय कमी आहे म्हणून, ते मला माहीत नाही."

"बापरे," डॉक्टर म्हणाल्या. "एवढं सगळं कमी? मग जास्त काय आहे?"

त्यांनी हसत विचारलं होतं. सान्वीने एका बाटलीचं झाकण काढलं आणि परत लावलं.

"मी," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"मी जरा जास्तच आहे ना. सगळे म्हणतात. टीचर म्हणतात, आजी म्हणते. बाबा पण म्हणतो, आत्याशी फोनवर. हिचं जरा जास्तच होतंय." हे तिने तक्रार म्हणून सांगितलं नाही, तिला गणवेश कुठल्या रंगाचा आहे विचारल्यावर तिने सांगितलं असतं तसं सांगितलं. मग तिला टेबलावरचा चुंबकाचा खेळ दिसला आणि ती तिकडे वळली.

योगिनी खिडकीबाहेर बघायला लागली. केदारने जुळवलेलं भाषण कुठे गेलं ते त्याला कळलंच नाही. शाळेवर, भाऊंवर, अनिमेषवर, अमेरिकेवर तो इतके दिवस संतापत होता, आणि त्या यादीत आपलंही नाव आहे हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. त्याला लाज वाटली, आणि डोळ्यांत पाणी आलं तेही डॉक्टरांसमोरच आलं.

डॉक्टरांनी ते न पाहिल्यासारखं केलं आणि कामाचं बोलायला घेतलं. हे सगळं आजपासून बंद. लोह कमी असेल तर झोपेवर परिणाम होऊ शकतो, म्हणून त्याची एक रक्ततपासणी. बाकीच्या गोळ्यांनी झोप सुधारते याला म्हणावा तसा आधार नाही, आणि जायफळ रोज, वाटेल तेवढं, मुलांना मुळीच नाही. मेलाटोनिनचा काही मुलांना उपयोग होतो, पण ते कधी, किती आणि किती दिवस हे मी ठरवीन, अमेरिका नाही. त्याच्या आधी झोपेची वेळ एक, खोली अंधारी, आणि माणूस एक. "रात्री तिच्या खोलीत किती जण येतात?" त्यांनी विचारलं.

"सगळे," चुंबक न सोडता सान्वी म्हणाली. "मला झोप लागायला लागते ना, तेव्हाच येतात."

परतीला डोंबिवलीला उतरून ते सोसायटीत पोचले तेव्हा संध्याकाळ झाली होती. फाटकाजवळ प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून भाऊ, तुळसाताई आणि ऑफिसहून नुकताच आलेला अनिमेष बसले होते. मोघे दिसताच भाऊंनी हात वर केला. आवाजात खरी काळजी होती, हे नंतर केदारनेही कबूल केलं.

"आलात? काय म्हणाल्या डॉक्टर? काय कमी निघालं हो हिच्यात?"

केदारच्या तोंडून नेहमीप्रमाणे "काही नाही, ठीक आहे" हेच निघणार होतं. पण त्याच्या हातात सान्वीचा हात होता, आणि ती मान वर करून त्याच्याकडे बघत होती. बाबा काय सांगतो ते तिलाही ऐकायचं होतं.

"काही कमी नाही!" केदार म्हणाला. तो एवढ्या जोरात म्हणाला की वॉचमन केबिनमधून बाहेर आला. "काहीही कमी नाही! पोरीला झोप लागत नाही, त्याचं डॉक्टर बघतायत. तुम्ही बघू नका! बुद्धी हलत असेल तर हलू दे, तुमची हलते का कधी, भाऊ? आणि अनिमेष, सोफ्यावरून उडी मारताना बघून तुला झिंक दिसतं? माझ्या आईने तुझ्या त्या बाटलीपायी महिनाभर बाल्कनीत पाय ठेवला नाही! कुणी तिला लिफ्टमध्ये काही विचारायचं नाही. विचारायचंच असेल तर पाली भिंतीवरून का पडत नाहीत ते विचारा. आणि भाऊ, नाव न घेता म्हणे! घ्या ना नाव! मोघे! तिसरा मजला! आणि टाकीचं झाकण दोन वर्षं उघडं आहे, त्याची नोटीस कधी लावणार?"

टाकीचं झाकण त्यात कसं आलं ते त्यालाही कळलं नाही. इतक्या वर्षांचा राग एकदम बाहेर यायला लागल्यावर तो मागचंपुढचं बघत नव्हता. योगिनीने त्याची बाही धरली होती, पण ओढत नव्हती. भाऊ अर्धवट उठले होते. तुळसाताई मात्र खुर्चीत सरसावून बसल्या आणि म्हणाल्या, "बोल रं, बोल. झाकनाचा मी कवाचं सांगतंय."

"झालं माझं," केदार म्हणाला.

"बाबा, अजून बोल ना," सान्वी म्हणाली.

पण त्याच्याकडचं खरंच संपलं होतं. भाऊ कसेबसे "अहो मोघे, आमचा हेतू..." म्हणाले, आणि केदार "माहीत आहे" म्हणून जिन्याकडे वळला. लिफ्टने गेला नाही, कारण तिथे ती नोटीस होती आणि ती त्याने आज फाडली असती. योगिनी पुढे झाली. केदार आणि सान्वी मागून चढत होते. पहिल्या मजल्याच्या वळणावर सान्वी थांबली.

"बाबा."

"काय गं?"

"कमी काही नाहीये, ते कळलं. पण जास्त आहे ना मी?"

नाही म्हणायचं केदारच्या अगदी तोंडावर आलं होतं. पण ही मुलगी खोटं बोलत नाही, आणि तिच्याशी बोलायचं तर आपणही खोटं बोलू नये, एवढं त्याला त्या क्षणी समजलं.

"आहेस," तो म्हणाला. "खूप जास्त आहेस. आणि आम्हाला तू एवढीच लागतेस. जराही कमी करून नको."

सान्वीने यावर थोडा वेळ विचार केला. म्हणजे तिच्या मानाने बराच वेळ, एक आख्खी पायरी. मग तिने हात सोडवून घेतला आणि दोन-दोन पायऱ्या एकदम चढत, भाऊंच्या दारावरून धडधडत, ती वर पळाली. केदारने तिला हळू चाल म्हणून हाक मारली नाही.